बहिरेपणावरील उपचार : काल, आज आणि उद्या

दर वर्षी नोव्हेंबर महिना आला की आमच्या बँकेच्या शाखेत हयातीचा दाखला देण्यासाठी पेन्शनर मंडळींची रांग लागते. काही वर्षांपूर्वी अशाच एका रांगेतील आजोबांना आम्ही काउंटरवरून विचारले, "आजोबा, आधार कार्ड आणलंय का?" त्यावर आजोबा प्रसन्नपणे म्हणाले, "हो हो, नातू आता दहावीला आहे." रांगेतले लोक हसले, आजोबाही हसले आणि खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. ते का हसले हे आम्हाला पुढे उमगले. आपण काहीतरी भलतेच बोललो हे त्यांच्या लक्षात आले होते आणि ते लपविण्याचा हसण्याखेरीज दुसरा मार्ग त्यांच्यापाशी नव्हता. आंधळ्या माणसाला रस्ता ओलांडताना आपण हात देतो, बहिऱ्या माणसाला मात्र हसतो, ही आपल्या समाजातील वस्तुस्थिती आहे.

त्या प्रसंगानंतर आम्ही या विषयाचे थोडे वाचन केले, कान-नाक-घसा तज्ज्ञांना प्रश्न विचारले. आम्ही कला शाखेचे पदवीधर. वैद्यकातले जाणकार नव्हे. तरीही जे समजले ते संस्थेच्या सभासदांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली श्रवणाविषयी एक जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार जगात सुमारे ४३ कोटी लोकांचे ऐकणे इतके कमी आहे की त्यांना उपचाराची वा साधनाची गरज आहे. २०५० पर्यंत हा आकडा ७० कोटींवर जाईल, असा त्या संघटनेचा अंदाज आहे.

आता कान म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. विद्यार्थ्यांनी हे शाळेत वाचले असेलच. आवाज कानाच्या नळीतून पडद्यावर आदळतो. पडद्यामागे हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन इवलीशी हाडे साखळीसारखी जोडलेली असतात. ती पडद्याचे कंपन आत पोहोचवितात. आत गोगलगायीच्या शंखासारखा वळलेला कर्णावर्त असतो. त्यात द्रव भरलेला असतो आणि त्या द्रवात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म रोमपेशी असतात. कंपनाने या पेशींचे रोम हलतात, त्यातून विजेचा संदेश तयार होतो व तो नसेमार्फत मेंदूकडे जातो. म्हणजे कान फक्त आवाज गोळा करतो. ऐकतो तो मेंदू! ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे सारे सोपे होते.

बिघाड कोठे आहे यावर उपचार ठरतो. बिघाड बाहेरच्या वाटेवर असेल, म्हणजे मळ, पडद्याचे छिद्र किंवा हाडांच्या साखळीतील दोष असेल, तर तो बहुतेक वेळा दुरुस्त होतो. आपल्या वस्त्यांमध्ये 'कान फुटणे' किंवा 'कान वाहणे' हा प्रकार घरोघर दिसतो. लहानपणी सर्दी झाली, कान ठणकला, पू आला, मग दर पावसाळ्यात तो वाहतच राहिला. आया गरम तेल घालतात, लसूण तळून ते तेल सोडतात, कोणी काडीने कोरतात. फुटलेल्या कानात तेल म्हणजे जखमेत चिखल, असे एका डॉक्टरांनी आम्हाला सांगितले. वास्तविक फाटलेल्या पडद्याला रुग्णाच्याच कानामागून काढलेल्या पातळ पापुद्र्याचे ठिगळ लावता येते. ही शस्त्रक्रिया १९५० च्या दशकापासून रूढ आहे आणि ती चांगली यशस्वी होते. मात्र कान वाहण्याचा एक प्रकार घातक असतो. त्यात थोडाच, पण दुर्गंधीयुक्त पू येतो आणि आतले हाड कुरतडले जाते. दुर्लक्ष केल्यास तोंड वाकडे होते, मेंदूपर्यंत पू जाऊ शकतो. म्हणून घाण वास येणारा कान हा थांबण्याचा विषयच नव्हे. रिकीब हे हाड घट्ट होऊन बसण्याचा एक आजार तरुणपणी, विशेषतः स्त्रियांमध्ये आढळतो. त्यात ते हाड काढून कृत्रिम दांडी बसविण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेतील जॉन शी यांनी १९५६ साली केली. आज ती मोठ्या रुग्णालयांतून होते.

खरी अडचण रोमपेशींची आहे. मनुष्याच्या रोमपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गंमत अशी की कोंबडीच्या उगवतात! १९८० च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांना असे आढळले की पक्ष्यांच्या कानातील नष्ट झालेल्या रोमपेशी काही आठवड्यांत नव्याने तयार होतात. तेव्हापासून 'कोंबडीला जमते ते माणसाला का नाही' या प्रश्नामागे जगातील प्रयोगशाळा लागल्या आहेत. एका अमेरिकन कंपनीने कानात इंजेक्शन देऊन रोमपेशी पुन्हा वाढविण्याचे औषध तयार केले होते. बराच गाजावाजा झाला, पण २०२३ साली चाचणीत ते औषध पाण्याच्या इंजेक्शनापेक्षा सरस ठरले नाही आणि तो प्रकल्प बंद पडला. तेव्हा 'सात दिवसांत बहिरेपणा दूर' अशा जाहिरातीचे थेंब कोणी विकत असेल तर वाचकांनी काय ते समजावे.

मग या लोकांसाठी आज काय आहे? पहिले साधन म्हणजे श्रवणयंत्र, ज्याला आपण 'कानाची मशीन' म्हणतो. पूर्वी खिशात डबी आणि कानापर्यंत वायर असे तिचे रूप होते. सारा आवाज ती सारखाच मोठा करी. माणसाचे बोलणेही आणि रस्त्यावरचा हॉर्नही. १९९६ च्या सुमारास पूर्णपणे डिजिटल यंत्रे आली. ती कानाच्या तपासणीच्या आलेखाप्रमाणे, जो सूर कमी ऐकू येतो तेवढाच वाढवितात. २०२४ साली तर अमेरिकेत गाणी ऐकण्याच्या एका प्रसिद्ध कंपनीच्या इअरबडलाच सौम्य बहिरेपणासाठी श्रवणयंत्र म्हणून वापरण्यास परवानगी मिळाली. परंतु आमचा अनुभव असा की यंत्र घेतले जाते आणि चार दिवसांत कपाटात जाते. 'नुसता गोंगाट ऐकू येतो' ही तक्रार असते. दहा वर्षे शांततेत राहिलेल्या मेंदूला आवाज पुन्हा ओळखायला काही आठवडे लागतात. रोज थोडा थोडा वेळ, आधी घरात, मग बाहेर, असे वापरावे लागते आणि यंत्र दोन-तीन वेळा जुळवून घ्यावे लागते. हे कोणी नीट सांगत नाही. वृद्धांच्या बाबतीत तर हा प्रश्न केवळ ऐकण्याचा नाही. स्मृतिभ्रंशाची जी टाळता येण्यासारखी कारणे आहेत, त्यांत ऐकू न येणे हे एक प्रमुख कारण असल्याचे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ पासून सांगितले आहे.

दुसरे साधन कॉक्लिअर इम्प्लांट. ज्यांना श्रवणयंत्राचाही उपयोग होत नाही अशांसाठी ते आहे. मेलेल्या रोमपेशींना वगळून थेट नसेला विजेचा संदेश देणे ही त्यामागील कल्पना. पॅरिसमध्ये १९५७ साली तिचा पहिला प्रयोग झाला, अमेरिकेत विल्यम हाऊस यांनी १९६१ साली तो पुढे नेला आणि ऑस्ट्रेलियातील ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ साली अनेक विद्युत्-टोकांचे यंत्र बसवून बोलणे समजण्याइतके ऐकणे शक्य केले. आपल्या महाराष्ट्रात डॉ. मिलिंद कीर्तने यांचे या क्षेत्रातील कार्य मोठे आहे. त्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली. या यंत्राचा एक भाग शस्त्रक्रियेने कवटीच्या हाडावर, कातडीखाली बसवितात आणि त्याची बारीक तार कर्णावर्तात सरकवितात. दुसरा भाग, म्हणजे प्रोसेसर, कानामागे बाहेर असतो आणि चुंबकाने डोक्याला चिकटतो.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे मूल बोलू लागले, असे मात्र नाही. तीन-चार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात, ते वारंवार जुळवितात आणि मग एक-दोन वर्षे नियमित वाचा-प्रशिक्षण द्यावे लागते. आई हीच खरी शिक्षिका असते. पैशाची बाजूही पाहिली पाहिजे, कारण आमचा पेशाच तो! हे यंत्र लाखांच्या घरात जाते. केंद्र सरकारच्या 'एडिप' या योजनेतून गरजू कुटुंबांतील लहान मुलांना ते विनामूल्य मिळू शकते. २०१४ साली त्यासाठी सहा लाख रुपयांपर्यंत तरतूद होती, ती २०२२ पासून सात लाख झाली. या कामाची मुख्य संस्था म्हणजे मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था. याच योजनेतून साधी श्रवणयंत्रेही मिळतात. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास पूर्ण व ३०,००० पर्यंत असल्यास निम्मी मदत अशी तिची २०२२ ची मर्यादा आहे. परंतु बाहेरचा प्रोसेसर काही वर्षांनी बदलावा लागतो, वायरी तुटतात, सेल लागतात. मुलाच्या प्रोसेसरसाठी बायकोचे मंगळसूत्र सोनेतारण ठेवणारा बाप आम्ही काउंटरवर पाहिला आहे. यंत्र देताना पुढील दहा वर्षांचा विचार योजनेने केला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता मुख्य मुद्दा. आमच्या नात्यातील एका कुटुंबात मुलगा दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. आजी म्हणाली, "याचा बाप पण उशिराच बोलला होता." तीन वर्षांचा झाल्यावर कोणी म्हणाले, जीभ जड आहे, म्हणून जिभेखालची तार कापून आणली. शंखात रात्रभर ठेवलेले पाणी पाजून झाले, नवसही झाला. साडेपाच वर्षांचा असताना शाळेत बाई म्हणाल्या, याला ऐकूच येत नाही. जो कधी ऐकतच नाही तो बोलेल कशाने? त्याची जीभ अगदी उत्तम होती! तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी हळहळून सांगितले की हे मूल एक वर्षाचे असताना यायला हवे होते. मेंदूतील भाषेची वाट पहिल्या चार-पाच वर्षांत तयार होते. त्या काळात आवाज पोहोचला नाही तर तो भाग दुसऱ्या कामाला लागतो. मग उत्तम यंत्र बसविले तरी आवाज येतो, अर्थ येत नाही. आम्ही त्या घरी वर्षातून चार वेळा जात होतो. आमच्याही लक्षात आले नाही, ही खंत आजही आहे.

जगभर मान्य झालेला नियम असा : जन्मल्यापासून एका महिन्यात चाळणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपचार सुरू. चाळणी म्हणजे काही भयंकर नाही. झोपलेल्या बाळाच्या कानात लहानसे बोंडूक ठेवून काही मिनिटांत होते. तिला 'ओएई' म्हणतात. शंका आली तर 'बेरा' ही दुसरी तपासणी करतात, तीत संदेश नसेतून मेंदूकडे जातो की नाही ते कळते. दोन्हींमध्ये टोचणे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला. त्यात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे आणि त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणीला येतात. पण आपल्या जिल्ह्यातील पाथर्डी-शेवगाव भागाचा विचार करा. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे कारखान्याच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्यात परततात. पथक अंगणवाडीत येते तेव्हा कोयत्यावर गेलेल्याचे मूल फडात पाचटावर झोपलेले असते. अशा मुलांची नावे अंगणवाडीताईंकडून घेऊन, गाव सोडण्यापूर्वीच त्यांची तपासणी करून घेणे हे काम आपल्या संस्थेचे तरुण कार्यकर्ते सहज करू शकतील. घरीही पाहता येते. झोपलेल्या बाळाजवळ ताट पडले तरी ते दचकत नाही, सहा-आठ महिन्यांचे झाले तरी मागून हाक मारल्यावर वळत नाही, वर्षाचे झाले तरी 'आई', 'बाबा' नाही, यांपैकी काहीही असेल तर आजीचे न ऐकता जिल्हा रुग्णालय गाठावे.

दुसऱ्या एका प्रसंगात तर दोष आमचाच होता. आमच्या एका सहकाऱ्याने सकाळी फोन उजव्या कानाला लावला तर काहीच ऐकू येईना. आदल्या रात्रीपर्यंत सारे ठीक होते. आम्ही शहाणपणाने सांगितले, मळ असेल, थेंब टाका. त्यांनी तीन आठवडे थेंब टाकले. तज्ज्ञांकडे गेले तेव्हा कळले की हा अचानक येणारा नसेचा बहिरेपणा होता. त्यावर स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा पडद्यातून इंजेक्शन देतात, पण पहिल्या काही दिवसांत. फार तर दोन आठवड्यांत. त्यांचा तो कान गेला तो गेलाच. एका रात्रीत एक कान बंद झाला तर तो हृदयविकाराच्या झटक्याइतका तातडीचा समजावा.

औषधांमुळेही कान जातात, हे पुष्कळांना माहीत नाही. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसीन, कॅनामायसीन या इंजेक्शनांनी प्राण वाचले, पण पुष्कळांचे कान किंवा तोल गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी कॅनामायसीन वापरू नये असे सांगितले आणि आता त्यावर तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचे उपचार आले आहेत. कर्करोगाच्या सिसप्लॅटिन या औषधाने मुलांचे कान जाऊ नयेत म्हणून सोडियम थायोसल्फेट देण्यास अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

आता उद्याच्या उपचाराकडे वळू. जन्मजात बहिरेपणाचे मोठे कारण जनुकीय असते. ओटोफर्लिन नावाचे एक प्रथिन आहे. ते नसेल तर रोमपेशी शाबूत असतात, आवाज टिपतातही, पण संदेश नसेकडे जात नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर चेक जमा होतो, पण क्लिअरिंगला जातच नाही! अशा मुलांची 'ओएई' तपासणी चांगली येऊ शकते आणि दोष 'बेरा'मध्ये दिसतो, हेही लक्षात ठेवावे. चीनमधील शांघायच्या डॉक्टरांनी निर्धोक केलेल्या विषाणूंच्या पाठीवर हे जनुक घालून मुलांच्या कानात सोडले. जनुक इतके लांब की एका विषाणूत मावत नाही. म्हणून त्याचे दोन तुकडे करून दोन विषाणूंतून पाठविले आणि ते पेशीत जाऊन जुळले. जानेवारी २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचा वृत्तांत आला : सहा मुलांपैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागले. अमेरिकेतील फिलाडेल्फिया आणि इंग्लंडमधील केंब्रिज येथेही असे उपचार झाले.

बहिरेपणाचे मूळ कारण औषधाने दूर झाल्याची ही पहिलीच उदाहरणे, म्हणून आनंद वाटणे साहजिक आहे. परंतु दोन गोष्टी विसरता कामा नयेत. ओटोफर्लिनचा दोष जन्मजात बहिऱ्या मुलांपैकी शंभरात मोजक्याच मुलांना असतो. आणि फिलाडेल्फियात ज्याला हा उपचार मिळाला तो मुलगा अकरा वर्षांचा होता. त्याला आवाज ऐकू येऊ लागला, पण तो कदाचित कधीच बोलायला शिकणार नाही, कारण भाषा शिकण्याचे वय निघून गेले, असे त्याच्या डॉक्टरांनी त्याच वेळी सांगितले. म्हणजे सर्वांत नवा उपचारही आमच्या नात्यातील त्या मुलाच्या प्रश्नापाशीच येऊन थांबतो. 'पुढे नवे औषध येणार आहे, तोवर थांबू' असा विचार कोणी करीत असेल तर तो मुलाचे नुकसान करतो आहे.

जनुकाचा विषय निघालाच आहे तर एक नाजूक गोष्टही बोलावी लागेल. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची पद्धत आहे. जन्मजात बहिरेपणाचे सदोष जनुक नवरा-बायको दोघांकडे एकेक असेल तर दोघांनाही उत्तम ऐकू येते, पण त्यांच्या प्रत्येक अपत्याला बहिरेपणाचा धोका चारात एक असतो. जवळच्या नात्यात तेच जनुक दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. ज्या घरात आधीच मुके-बहिरे मूल आहे तेथे पुन्हा नात्यातच सोयरीक जमविणे टाळावे. यात कोणाच्या घराण्याला नावे ठेवण्याचा प्रश्न नाही. गरोदरपणी आईला रुबेला झाला तरी बाळ बहिरे होऊ शकते. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम झाली. ती लस आता नवव्या महिन्यात व पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास देतात. ती चुकवू नये.

डीजेविषयी लिहिले तर काही तरुण मित्र रागावतील, पण लिहितो. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन होतो, असे मानतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे! मिरवणुकीतील भिंतीएवढ्या स्पीकरपुढे मुले चार-चार तास नाचतात, दुसऱ्या दिवशी कानात शिटी वाजते आणि ती थांबली की सारे ठीक झाले असे समजतात. मिरवणूक कोणाचीही असो, आपल्या जयंतीचीही, रोमपेशी तो भेद करीत नाहीत.

ज्यांचे वय निघून गेले आहे त्यांचे काय? आमच्या नात्यातील तो मुलगा पुढे मूकबधिर विद्यालयात गेला, खुणांची भाषा शिकला आणि आज आपल्या मित्रांशी आमच्यापेक्षा जलद गप्पा मारतो. सांकेतिक भाषा ही स्वतंत्र व्याकरण असलेली भाषा आहे. तिच्यासाठी २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. तिला कमी लेखून मुलांचे हात धरून ठेवण्याचा काळ गेला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल वा अधिक दोष असल्यास 'बधिर' आणि ६० ते ७० असल्यास 'ऐकण्यास कठीण' समजतात. सरकारी नोकरीत दिव्यांगांसाठी किमान चार टक्के जागा असतात, त्यांपैकी एक टक्का या दोन गटांसाठी. त्यासाठी प्रमाणपत्र व ओळखपत्र लागते. अर्ज स्वावलंबन संकेतस्थळावर करायचा असून तपासणी शासकीय रुग्णालयात होते. अनेक पात्र मुलांकडे ते नाही, कारण 'बहिरा' असा शिक्का आईवडिलांना नको असतो.

आम्ही आता काउंटरवर कागद-पेन ठेवतो. पेन्शनर मंडळींशी बोलताना मान वर करून, तोंड त्यांच्याकडे ठेवून, सावकाश बोलतो, ओरडत नाही. ते आजोबा गेल्या नोव्हेंबरात पुन्हा आले होते. शिबिरात त्यांना मशीन मिळाली होती, पण ती कानात नव्हती, खिशात होती. आम्ही कागदावर 'का?' असे लिहिले. सेल संपून तीन महिने झाले होते आणि बटणाएवढा तो सेल कोठे मिळतो हे घरात कोणाला माहीत नव्हते. दुपारच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर चालत जाऊन तो आणून दिला. आजोबांनी मशीन कानात अडकविली, थोडा वेळ रस्त्याकडे पाहिले आणि म्हणाले, "लय गाड्या झाल्या हो नगरात."